मंग? आणि कामून?

परभणी तालुक्यातल्या एका शाळेत सातवीच्या मुलांबरोबर दोन तास घालवायचे होते. पावसानं आठ दिवस ठाण मांडलेलं, पटावरची निम्मीच मुलं आलेली. फळ्यावर विषय लिहिला : पावसाळा. दहा मिनिटांत एका मुलीनं पान भरून वही पुढे केली. पावसाळा हा तिचा आवडता ऋतू होता. सृष्टीनं हिरवा शालू नेसला होता, बळीराजा सुखावला होता, मोर थुईथुई नाचत होते. शेवटी पाणी अडवा, पाणी जिरवा. शुद्धलेखनाची एक चूक नाही, अक्षर मोत्यासारखं. पुढच्या वह्या चाळल्या, तर तोच शालू आणखी अकरा जणांच्या सृष्टीनं नेसलेला.

मधल्या सुट्टीत तीच मुलगी व्हरांड्यात मैत्रिणींना काहीतरी सांगत होती. मी खिडकीच्या आत होतो, तिला दिसत नव्हतो. आदल्या दिवशी वडील तिला मोटारसायकलवर शाळेत सोडायला निघाले आणि पांदणीत गाडी अडकली. आपल्याकडच्या काळ्या रानात गाडी नुसती रुतत नाही. गारा चाकाला चिकटतो, चाकाबरोबर फिरून मडगाडात जाऊन बसतो, आणि तिथे इतका ठासून भरतो की चाकच फिरेनासं होतं. वडिलांनी बांधावरची तुराटी घेऊन तो उकरायला सुरुवात केली. तुराटी मोडली. दुसरी घेतली, तीही मोडली.

"मंग?"

"मंग काय, म्या डब्यातला चमचा देला."

"कामून? दुसरी काडी नव्हती का?"

"होती की. पर वली होती, वाकायली."

चमच्यानं गारा निघाला. गाडी निघाली. शाळेला उशीर झाला, आणि दुपारी तिनं वरणभात हातानं खाल्ला. आजीनं चमचा घासून ठेवला, पण तो वाकडाच राहिला. "आता घरात त्या चमच्याला कोनीच हात लावंना," असं म्हणून ती थांबली, आणि चौघीजणी हसल्या.

शालूवाल्या पानात आणि या गोष्टीत फरक कसला आहे, हे त्या दिवसापासून मी माझ्यापुरतं शोधतो आहे. शब्दसंपत्तीचा नाही, पानावर तर तिचे शब्द जास्त होते. व्हरांड्यात तिच्यापुढे तीन माणसं होती, आणि पानापुढे कुणीच नव्हतं, एवढाच फरक मला सापडला. त्या तिघींनी तिला दोनच प्रश्न विचारले. मंग? आणि कामून?

ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकारानं १९२७ साली केंब्रिजमध्ये कादंबरीवर व्याख्यानं दिली. त्यांचं पुढे पुस्तक झालं आणि जगभरच्या वाङ्मयाच्या वर्गांत ते अजून शिकवलं जातं. त्यातला एक गाजलेला भेद हाच आहे. नुसत्या गोष्टीत ऐकणारा 'मग काय झालं' एवढंच विचारतो. कथानक आलं की तो 'का झालं' असं विचारू लागतो. गंगेला पूर आला आणि आत्यानं म्हैस विकली, ही झाली गोष्ट. गंगेला पूर आला, कडब्याची गंज वाहून गेली आणि आत्यानं म्हैस विकली, इथे कथानक सुरू झालं. मधल्या गंजीनं 'कामून'चं उत्तर दिलं. फॉर्स्टरसाहेब परभणीच्या व्हरांड्यात बसले असते तर त्यांचं व्याख्यान दोन शब्दांत आटोपलं असतं.

लिहायला शिकवणारे प्राथमिक सल्ले आपण पुन्हा पुन्हा वाचत असतो. विशेषणं कमी वापरा. सांगू नका, दाखवा. वाक्यं छोटी ठेवा. लिहिलेलं मोठ्यानं वाचून पाहा. निम्मं कापा. हे सगळं बाहेरून आलेलं वाटतं, कारण ते बहुतेक वेळा इंग्रजी पुस्तकांतून येतं. पण हे सल्ले गोष्ट सांगण्याच्या ज्या धंद्यातून निघाले, तो धंदा आपल्याकडे छापखाना येण्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. त्या धंद्यातली माणसं नियम पाठ करत नव्हती. समोरचा माणूस उठून जाऊ नये, एवढीच त्यांना काळजी होती, आणि नियम त्या काळजीतून आपोआप तयार झाले.

श्रावणातल्या कहाण्याच घ्या. नगर 'आटपाट' आहे, बस. त्याचे बुरूज, बाजारपेठा, कारंजी काही नाही. राण्या दोन, एक आवडती आणि एक नावडती. ही विशेषणं शोभेची नाहीत, पुढचा सगळा घोटाळा त्यांच्यातूनच व्हायचा आहे. राजाला नाव नाही, कारण नावावाचून काही अडत नाही. इतकी काटकसर कशासाठी? जरा प्रसंग डोळ्यांपुढे आणा. पूजा आटोपली आहे, ऐकणाऱ्या बायका हातात अक्षता धरून बसल्या आहेत, सकाळपासून पोटात काही नाही, आणि पलीकडे नैवेद्याचं ताट निवत आहे. उपाशी श्रोत्यापुढे कोण फुलोरा मांडत बसेल? साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी, असं आपण अजून सहज बोलून जातो. त्या साठ आणि पाचांचा अर्थ पंडित आपापल्या परीनं लावोत. लिहिणाऱ्याला त्यात एकच हिशेब दिसतो. घरी साठ ओळी लिहाव्यात आणि वाचकापुढे पाच ठेवाव्यात. संपादकाची कात्री याहून नेमक्या शब्दांत कुणी सांगितलेली मला तरी माहीत नाही.

कहाणी घाईची, तर गोंधळ ऐसपैस. पण ऐसपैस म्हणजे सैल नव्हे. लग्न झाल्यावर आमच्या भागात घरोघर गोंधळ घालतात. परभणीनं राजारामभाऊ कदमांसारखा गोंधळी महाराष्ट्राला दिला. गोंधळमहर्षी म्हणूनच लोक त्यांना ओळखतात. गोंधळाची मांडणी बारकाईनं पाहण्यासारखी असते. चौक भरलेला, घट मांडलेला, दिवटी पेटलेली. संबळ, तुणतुणं आणि झांज. आधी गण, मग आवाहन. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा अशी एकेका देवाला त्याच्या गावासकट हाक घातली जाते. ऐकणाऱ्यांतल्या प्रत्येकाचं कुलदैवत कधी ना कधी त्या हाकेत येतंच, आणि आलं की त्याची मान हलते. आख्यान सुरू होण्याआधी सगळी बैठक अशी आत ओढून घेतलेली असते. लेखाची सुरुवात कशी करावी, या प्रश्नाचं हे एक उत्तर आहे : वाचकाच्या गावाचं नाव घ्या.

आख्यान लागतं तेव्हा रात्र बरीच झालेली असते. मुलं आडवी झालेली, पाहुण्यांच्या पापण्या जड. इथे नायकाचा साथीदार कामाला येतो. नायक गंभीरपणे कथा सांगत असतो आणि हा मधेच तोंड घालतो. कोण म्हणालं? कशासाठी गेला? चालत गेला का बैलगाडीनं? कधी मुद्दाम चुकीचं ऐकतो, कधी भलताच अर्थ लावतो. लोक हसतात, जागे होतात आणि नायकाला तीच गोष्ट अधिक स्वच्छ करून सांगावी लागते. हा साथीदार नुसता विदूषक नाही. बैठकीतल्या मागच्या माणसाला जे समजलं नाही, पण विचारायचा संकोच वाटला, ते तो त्याच्या वतीनं विचारतो. चांगल्या लेखकाच्या डोक्यात असा एक आगाऊ साथीदार बसलेला असतो, असं मला वाटतं. वाक्य पुरं झालं रे झालं की तो म्हणतो, म्हंजे?

माझी आजी गोष्ट सांगायची तेव्हा हुंकार लागायचा. प्रत्येक वाक्याला कुणीतरी 'हूं' म्हटलं पाहिजे, नाहीतर गोष्ट तिथेच थांबे. वीज गेलेली असे, अंगणात बाजा टाकलेल्या, अंधारात कोण जागं आणि कोण झोपलं हे तिला फक्त त्या हुंकारावरून समजायचं. हुंकार मंदावला की ती वाघ आणी. गोष्टीत वाघाचं काही काम नसलं तरी आणी. आम्हाला तिच्या गोष्टी पाठ होत्या. कोल्हा डावीकडून यायचा तो उजवीकडून आला तर आम्ही तिला दुरुस्त करायचो, आणि तरी पुढे काय होणार हे ठाऊक असलेल्या जागी दर वेळी अंगावर काटा यायचा. गोष्टीचा आनंद शेवट ठाऊक नसण्यात असतो, हे मला त्यामुळे कधीच पटलेलं नाही.

समोर माणूसच नसेल तर? तर जातं असतं. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. तो साठा लाखाच्या वर गेला आणि त्यात आपल्या परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसचाही आवाज आहे. पहाटेच्या अंधारात बाई दळायला बसते तेव्हा घर झोपलेलं असतं. सासरचं गाऱ्हाणं, लेकाचं कौतुक, भावाची वाट पाहणं हे सगळं ती जात्याला सांगते. दगडाला हुंकार देता येत नाही, पण त्याची घरघर असते, आणि ओवीची लय त्या घरघरीवर बसते. मी स्वतःसाठीच लिहितो, असं म्हणणारे लेखक भेटले की मला ते जातं आठवतं. स्वतःसाठी म्हणजे कुणासाठीच नाही, असं नसतं. ऐकणारा दगडाचा का होईना, लागतो.

आणि जात्याचा विषय निघाला की गंगाखेड टाळता येत नाही. जनाबाई गंगाखेडची. लहानपणी पंढरपूरला दामाशेटींच्या घरी आली, नामदेवांच्या कुटुंबात दासी म्हणून राहिली. या गोष्टीला सातशे वर्षं होत आली. तिच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग सांगितले जातात. 'थाळीपाक' आणि 'हरिश्चंद्राख्यान' ही आख्यानंही तिच्याच नावावर आहेत. म्हणजे भक्तीबरोबर गोष्ट सांगण्याची हौस तिला होतीच. पण तिचं खरं बळ तिच्या सामानात आहे. जातं, उखळ, केरसुणी, शेणी, पाण्याची घागर. ब्रह्म, माया, मोक्ष हे शब्द त्या काळात वाऱ्यावर होते. तिनं देवाला खाली बसवून दळायला लावलं. आंघोळीचं पाणी कढत झालं आहे आणि त्यात ओतायला विसण नाही, तर ते आणायला देव उठतो. विसण! हा शब्द ज्यानं चुलीवरच्या पाण्याची आंघोळ केली नाही त्याला कदाचित समजावून सांगावा लागेल. पण ज्यानं केली, त्याला त्या एका शब्दात हात भाजल्याची आठवण येते आणि देव किती जवळ आला हेही समजतं.

'सांगू नका, दाखवा' हा सल्ला देताना हल्ली चेखवचं नाव घेतात. त्यानं १८८६ साली आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात चांदण्या रात्रीचं वर्णन कसं करावं ते सांगितलं होतं : धरणाच्या बांधावर फुटक्या बाटलीचा तुकडा चमकताना दाखव, रात्र आपोआप उभी राहील. सल्ला उत्तम आहे. गंगाखेडच्या जनीनं मात्र तो कुणाला पत्र न लिहिता पाचशे वर्षं आधी वापरून टाकला होता.

आपल्या जुन्या काव्यशास्त्रानं या गोष्टींचा विचार केला नाही, असंही नाही. उलट फार बारकाईनं केला. शब्दाचा अर्थ कसा पसरतो हे सांगताना संस्कृत पंडित एक ठरलेलं उदाहरण देतात : गंगेवर वस्ती. वस्ती पाण्यावर तरंगत नाही, काठावर असते, हे सगळ्यांना समजतं; तरी 'काठावर' न म्हणता 'गंगेवर' म्हटलं की थंडावा आणि पावित्र्य दोन्ही फुकट येतात. परभणीकराला हे उदाहरण समजावून द्यायला नको. आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो, तिच्या काठच्या पट्ट्याला गंगथडी म्हणतो, आणि आमच्या एका तालुक्याचं नावच गंगाखेड आहे. पंडितांचं उदाहरण आमच्याकडे एसटीच्या पाटीवर असतं.

याच शास्त्रात प्रसाद नावाचा गुण सांगितला आहे. वाळल्या सरपणात आग पसरते तसा अर्थ वाचकाच्या मनात पसरावा, हा प्रसाद. इथे मला आमच्या चुलीतल्या पऱ्हाट्या दिसतात. कापूस निघाला की वाळलेल्या पऱ्हाट्या घरामागे रचून ठेवतात. काडी लावली की त्या भडकन पेटतात. ओली बाभूळ घातली की नुसता धूर, डोळे चोळत बसा. आपलं बरंचसं छापील मराठी ओल्या बाभळीचं आहे. 'सदर कामाच्या अंमलबजावणीच्या अनुषंगाने आवश्यक ती कार्यवाही करण्यात येत आहे.' या वाक्यात काम कोण करतंय, हे शोधून दाखवा. कुणीच करत नाही. ते करण्यात येत आहे.

इथे जरा थांबतो, कारण छोट्या वाक्यांचा सल्ला मराठीला जशाच्या तसा लावू नये, असं माझं मत आहे. इंग्रजीत क्रियापद कर्त्याच्या मागोमागच येतं. मग वाक्य कितीही लांबलं तरी वाचकाच्या हाती धागा असतो. मराठीत क्रियापद शेवटी. तोपर्यंत कर्ता, कर्म, जागा, वेळ, कारण हे सगळं वाचकानं दोन्ही हातांत धरून उभं राहायचं. म्हणून ज्या लांबीचं इंग्रजी वाक्य सहज पचतं, त्या लांबीचं मराठी वाक्य छातीवर बसतं. पण मराठीकडे स्वतःची एक युक्ती आहे. 'उठून, तोंड धुऊन, चहा घेऊन, बैल सोडून तो रानात गेला.' हे वाक्य लांब आहे आणि तरी जड नाही, कारण त्यातला प्रत्येक 'ऊन' म्हणजे एक छोटं पाऊल आहे आणि प्रत्येक पावलाला क्रिया पुरी होते. गोष्ट सांगणाऱ्या आजीचं सगळं गाडं या 'ऊन'वर चालतं. दुसरी युक्ती बोलण्यातली. 'आला तो, रात्री, चिंब भिजून.' क्रियापद आधी टाकून द्यायचं आणि मग उरलेलं सावकाश काढायचं, पिशवीतून भाजी काढावी तसं. शाळेत आपण हे वाक्य चूक ठरवतो. व्हरांड्यात ते रोज ऐकू येतं.

आणि तिसरी युक्ती म्हणजे एक शब्द, 'म्हणे'. एवढासा शब्द, पण सांगणाऱ्याला त्यानं केवढी मोकळीक मिळते! पलीकडच्या वाड्यात म्हणे धन पुरलंय. मी पाहिलं नाही, मी हमी देत नाही, पण तुम्ही ऐका. बी. रघुनाथांच्या एका कादंबरीचं नाव 'म्हणे लढाई संपली' असं आहे. तो 'म्हणे' काढून पाहा. नुसती बातमी उरते. ठेवला की लगेच विचारावंसं वाटतं, कुणाची संपली?

बी. रघुनाथ, म्हणजे भगवान रघुनाथ कुलकर्णी, यांचा जन्म १९१३चा. आयुष्याची महत्त्वाची वर्षं परभणीत गेली आणि चरितार्थासाठी त्यांनी निजामाच्या राजवटीत बांधकाम खात्यात कारकुनी केली. दरबाराची भाषा उर्दू, कचेरीची उर्दू, मराठी शाळा मोजक्या. दिवसभर त्या कागदांत मान घालून बसलेला हा माणूस घरी आल्यावर मराठीत कविता, कथा, कादंबऱ्या लिहीत होता. कादंबऱ्यांमध्ये 'ओ', 'हिरवे गुलाब', 'बाबू दडके', 'उत्पात', 'जगाला कळले पाहिजे', 'आडगावचे चौधरी'. कथांमध्ये 'साकी', 'फकिराची कांबळी', 'छागल', 'काळी राधा'. १९५३ साली गेले तेव्हा वय अवघं चाळीस. लिहायला वेळ मिळत नाही, असं कुणी म्हणालं की मी त्याला ही नावं मोजायला सांगतो. त्यातलं 'जगाला कळले पाहिजे' हे नाव मला लेखनावरच्या सगळ्या सल्ल्यांपेक्षा जवळचं वाटतं. मुंबई-पुण्याच्या मासिकांना या मुलखाचा पत्ताही धड ठाऊक नव्हता. इथं काय चाललंय, ते कुणीतरी सांगायला हवं होतं.

सांगायचं म्हणजे आधी नीट विचारून घ्यायचं, ही शिस्तही मराठीत फार जुनी आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या मागे म्हाइंभटानं त्यांच्या आठवणी गोळा केल्या, तेव्हा ज्याला जी आठवण आहे त्याच्याकडे तो स्वतः गेला. स्वामी कुठे बसले होते, कोण जवळ होतं, काय खाल्लं, काय म्हणाले. दोघांनी एकच प्रसंग वेगळा सांगितला तर त्यानं दोन्ही पाठ नोंदवले. 'लीळाचरित्र' मराठी गद्याच्या अगदी उगमाशी उभं आहे आणि त्याची घडण मुलाखतींची आहे, याचं मला अजून नवल वाटतं. त्याच परंपरेतल्या केशोबासानं स्वामींनी सांगितलेले शंभराच्या वर दृष्टान्त वेगळे काढून 'दृष्टान्तपाठ' केला. प्रत्येक ठिकाणी आधी सूत्र, मग दृष्टान्त, मग त्या दृष्टान्ताचा रोख. आज सूत्रं अभ्यासकांना ठाऊक. आंधळे आणि हत्ती मात्र सगळ्यांना. तीन खणांची पेटी होती, लोकांनी मधलाच खण घरी नेला.

मग लिहायचं कुठल्या मराठीत? परभणीत हा प्रश्न नुसत्या चर्चेचा नाही. शाळेत 'कशाला' शिकवतात आणि घरी 'कामून' असतं. 'करत आहे' पुस्तकात, 'करायलो' अंगणात. कितीतरी मुलं लिहायला बसली की आधी घरची भाषा चपलेसारखी दाराबाहेर काढून ठेवतात, आणि मग आत शिरल्यावर सांगण्यासारखं काही उरत नाही, म्हणून शालू उचलतात. वास्तविक हा प्रश्न या जिल्ह्यातल्या लेखकांनी सोडवून ठेवला आहे. इंद्रजित भालेरावांच्या 'पीकपाणी'त कुणब्याच्या घरातली बोली कुणाची परवानगी न घेता कवितेत आली. आसाराम लोमटे यांच्या 'आलोक'ला २०१६ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातल्या गावाकडच्या माणसांचं बोलणं वाचताना कुणी शब्दार्थाची यादी मागितल्याचं मी ऐकलं नाही. १९९५ साली परभणीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं तेव्हा अध्यक्ष होते नारायण सुर्वे, म्हणजे ज्यांची भाषा मुंबईतल्या गिरणगावात घडली ते. ही निवड परभणीला फार शोभून दिसली.

सल्ल्यांबद्दल एक तक्रारही करून टाकतो. 'दाखवा, सांगू नका' हे ऐकून काही मंडळी इतकं दाखवायला लागतात की पात्रानं चहा प्यायला एक पान जातं. कहाणी तर बिनदिक्कत सांगते : बारा वर्षं गेली. झालं, गेली बारा वर्षं. कुठे दाखवायचं आणि कुठे सांगून मोकळं व्हायचं, हे ओळखण्यात सांगणाऱ्याची अक्कल असते, आणि ती नियमात मावत नाही. विशेषणांचंही तसंच. 'वाकडा चमचा' यातलं विशेषण काढलं तर गोष्टच उरत नाही. मोठ्यानं वाचून पाहा, हा मात्र मी बिनशर्त मानलेला एकमेव सल्ला. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी गावोगाव कथाकथन केलं. शेकडो माणसांसमोर तीच कथा पुन्हा पुन्हा वाचली की कुठे खोकला येतो आणि कुठे हशा, ते ऐकू येतं. खोकला आला की समजावं, इथे आजीनं वाघ आणला असता.

सुट्टी संपल्यावर वर्गात मी त्या मुलीला म्हटलं, ते चमच्याचं लिही. ती गोंधळली. "सर, ते निबंधात चालतं?" मी म्हटलं, चालतं. "तसंच्या तसं?" तसंच्या तसं. तिनं बराच वेळ पेनाचं टोपण चावलं. मग मैत्रिणीला शेजारी बोलावून घेतलं आणि हळू आवाजात तिला सांगत सांगत लिहायला लागली. मैत्रीण वहीकडे पाहत नव्हती, तिच्या तोंडाकडे पाहत होती.

घंटा झाली तेव्हा अर्धं पान झालं होतं. तीन ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ चुकलं होतं. 'वडिलांनी' असं लिहून खोडलं होतं आणि वर 'पप्पानं' केलं होतं. तुराटी दोनदा मोडली होती. मोर कुठेच नव्हता. चमचा मात्र तिनं अजून डब्यातून काढलेला नव्हता. त्याच्या अलीकडच्या ओळीला वही मिटून ती दप्तर भरायला लागली.

शेजारची म्हणाली, "मंग?"

"उद्या," ती म्हणाली.